हात, यंत्र आणि स्वादुपिंड



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत पोटाच्या ऑपरेशनचा इतिहास कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. एक उत्तर असे की या विषयातला मुख्य शब्दच साहित्यातून आलेला आहे. 'रोबो' हा शब्द कोणा अभियंत्याने घडवलेला नाही. कारेल चापेक या झेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकात तो प्रथम आला आणि तो सुचवला होता त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर करायचे सक्तीचे काम. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : वेठ. तेव्हा रोबो म्हणजे वेठबिगार. चापेकच्या नाटकातले हे वेठबिगार शेवटी मालकांवर उलटतात. तिथपासून रोबो म्हटले की स्वतःच्या बुद्धीने चालणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. ऑपरेशन थिएटरमधले यंत्र मात्र मूळ अर्थाला अधिक जवळ आहे. ते आपणहून काहीच करत नाही. सर्जनने बोट हलवले तर हलते, थांबवले तर थांबते.

इथे मराठीची एक गंमत सांगण्याजोगी आहे. 'सर्जनने ऑपरेशन केले' आणि 'सुरीने ऑपरेशन केले' या दोन्ही वाक्यांत 'ने' हाच प्रत्यय लागतो. पहिल्यात तो कर्त्याला लागला आहे, दुसऱ्यात साधनाला. 'रोबोने ऑपरेशन केले' असे वाक्य जाहिरातीत वाचले की वाचणारा त्याला कर्ता समजतो. तो करण आहे. हा व्याकरणातला घोटाळा पुष्कळांच्या खिशाला महाग पडतो, त्याबद्दल पुढे बोलू.

दुसरा शब्द स्वादुपिंड. हिंदीत अग्न्याशय म्हणतात. मराठी आणि गुजराती मात्र या एका अवयवाच्या नावावर एकमत आहेत, दोन्हीकडे स्वादुपिंडच. ग्रीकांनी त्याला 'पॅनक्रिआस' म्हटले, म्हणजे 'सगळे मांसच'. हाड नाही, कुर्चा नाही, पोकळी नाही, नुसता मऊ मांसाचा पट्टा. त्याचे काम काय, हे फार काळ कोणाला ठाऊक नव्हते. १६४२ साली इटलीतल्या पाडुआ येथे योहान गेओर्ग विर्झुंग याने फाशी दिलेल्या एका माणसाच्या शवात या मांसातून जाणारी बारीक नळी पाहिली, तिचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याचे ठसे निरनिराळ्या विद्वानांना पाठवले आणि विचारले की ही नळी आहे तरी कशाची? उत्तर मिळण्याआधीच, दुसऱ्या वर्षी, विर्झुंगचा खून झाला.

भारतात शल्यकर्माचा इतिहास सांगताना सुश्रुतापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. नाकाच्या आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबाबत ते रास्तच आहे. पण स्वादुपिंडाला तिथे ओढत नेऊ नये. भूल, जंतुनाशन आणि रक्त देण्याची सोय यांच्याशिवाय पोटाच्या इतक्या आत हात घालून माणूस जिवंत परत आणणे शक्यच नव्हते.

ते इतके अवघड का, हे समजल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवे पडलेले असते. साधारण वितीएवढे लांब, वजनाला शंभर ग्रॅमच्या आत. त्याचे डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात रुतलेले, शेपटी पाणथरीला भिडलेली. यकृताकडून येणारी पित्तनलिका डोक्यातून जाते. मानेच्या मागून आतड्यांचे रक्त वाहून नेणारी मोठी शीर जाते आणि तिच्या शेजारी आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी. यांतल्या एकीलाही भोक पडले तर क्षणात पोट रक्ताने भरते. डोक्यात गाठ झाली की एकटे डोके काढून चालत नाही. त्याच्याबरोबर आतड्याचे वळण, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बहुधा जठराचे टोकही काढावे लागते. मग तीन ठिकाणी नवे जोड घालायचे : उरलेले स्वादुपिंड आतड्याला, पित्तनलिका आतड्याला आणि जठर आतड्याला.

या तिन्हींतला पहिला जोड सगळ्यात घातकी. नळी दोन-तीन मिलिमीटरची, मांस लोण्यासारखे, टाका जरा ओढला तर कापत जातो. आणि त्यातून पाझरणारा रस अन्न पचवण्यासाठीच असतो. जोड गळला तर तो रस पोटातच मांस पचवू लागतो, शेजारच्या रक्तवाहिनीची भिंतही. ऑपरेशन नीट पार पडले, रुग्ण उठून बसला, चहा प्याला आणि दहाव्या दिवशी रक्तस्रावाने गेला, अशा हकिकती या शस्त्रक्रियेच्या इतिहासात जागोजागी आहेत.

१८९८ साली इटलीत अलेस्सांद्रो कोदिव्हिला याने डोक्याचा मोठा भाग काढला. रुग्ण काही दिवसच जगला. १९०९ मध्ये बर्लिनला वाल्टर काउश याने तेच काम दोन टप्प्यांत केले. आधी पित्ताला दुसरी वाट करून दिली, कावीळ उतरू दिली आणि नंतर गाठ काढली. त्याचा रुग्ण काही महिने जगला. यानंतर जवळजवळ पाव शतक या वाटेला फारसे कोणी गेले नाही.

१९३५ साली न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल याने आपल्या दोन सहकाऱ्यांसह तीन रुग्णांचा अहवाल छापला आणि शस्त्रक्रियेला त्याचे नाव चिकटले. आजही सर्जन 'व्हिपल केले' असेच म्हणतात. व्हिपलचा जन्म इराणातल्या उर्मिया गावी, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला होता. त्याच्या यशाचे एक कारण सुरतेच्या माणसाला आवडावे असे आहे. तोवर टाके घालायला जनावरांच्या आतड्यापासून केलेला कॅटगट हा धागा वापरत आणि स्वादुपिंडाचा रस तो चक्क पचवून टाकी. व्हिपलने रेशीम वापरले. (आता रेशीमही मागे पडले आहे आणि कृत्रिम धागे आले आहेत. सुरतेच्या कापडाचीही कहाणी वेगळी नाही.) दुसरे कारण 'के' जीवनसत्त्वाचे. कावीळ झालेल्या माणसाचे रक्त लवकर गोठत नाही, कारण पित्त आतड्यात पोचत नाही आणि पित्ताशिवाय हे जीवनसत्त्व शोषले जात नाही. ते औषध म्हणून हाताशी आले तेव्हा ऑपरेशन दोन टप्प्यांत करण्याची गरज उरली नाही. १९४० साली व्हिपलने ते एकाच बैठकीत केले. ज्याच्या नावाने ही शस्त्रक्रिया जगभर चालते त्याने स्वतः ती साऱ्या आयुष्यात फक्त ३७ वेळा केली.

पुढची तीस-चाळीस वर्षे मात्र उदास आहेत. सर्जन धीट झाले, शस्त्रक्रिया गावोगावी होऊ लागली आणि दर चार-पाच रुग्णांमागे एक रुग्णालयातच मरू लागला. १९७० साली अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइल या नामवंत सर्जनने लिहिले की कर्करोगासाठी हे ऑपरेशन करूच नये, नुसती पित्ताला वाट करून द्यावी, रुग्ण तेवढाच किंवा त्याहून जास्त जगतो. त्याला भित्रा म्हणणारे होते. माझ्या मते तो त्या काळातला सगळ्यात प्रामाणिक माणूस होता, कारण त्याने मृत्यू मोजले आणि जे दिसले ते छापले.

परिस्थिती बदलली ती नव्या हत्यारामुळे नव्हे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉन कॅमेरॉन यांनी हीच शस्त्रक्रिया, हीच सुरी आणि हाच उघडा छेद घेऊन, पुन्हापुन्हा केली. तीच माणसे, तेच भूलतज्ज्ञ, त्याच परिचारिका, तोच अतिदक्षता विभाग. १९९३ मध्ये त्यांनी अहवाल दिला : एकामागून एक १४५ रुग्ण, मृत्यू एकही नाही. आणि २००२ साली जॉन बर्कमायर व सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदी चाळून जे दाखवले त्याने सगळ्यांचे डोळे उघडले. स्वादुपिंड काढण्याची शस्त्रक्रिया जिथे अगदी क्वचित होते अशा रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के, जिथे खूप होते तिथे ३.८ टक्के. त्यांनी तपासलेल्या शस्त्रक्रियांमध्ये इतका मोठा फरक दुसऱ्या कशातच नव्हता. आजार तोच, पुस्तकही तेच. मग चौपट मृत्यू कशाने? सर्जनच्या हाताने काही अंशी, पण तेवढ्यानेच नाही. दहाव्या दिवशी रात्री दोन वाजता रुग्णाच्या नळीतून लालसर पाणी आले तर ते ओळखणारी परिचारिका तिथे आहे की नाही, आणि मांडीच्या धमनीतून तार घालून फुटलेली रक्तवाहिनी बंद करणारा माणूस अर्ध्या तासात येतो की नाही, याने पुष्कळ ठरते.

आता आपल्या बाजूला येऊ. भेस्तानच्या फलाटावर मुंबईकडे तोंड करून उभे राहिलो तर सचिन आणि मरोली सोडल्यावर नवसारी येते. पश्चिम भारतातल्या शल्यचिकित्सेच्या इतिहासात या छोट्या गावाचे नाव दोनदा येते. ज्यांच्या देणगीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली उभे राहिले त्या सर जमशेटजी जीजीभाईंचे घराणे नवसारीचे. आणि जमशेटजी टाटांचा जन्मही नवसारीचाच. त्यांच्या थोरल्या मुलाची, दोराबजींची पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. त्यांच्या स्मृतीसाठी दोराबजींच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. आपल्या भागातून 'टाटाला नेले' एवढे दोन शब्द उच्चारले की समोरच्याला बाकीचे सांगावे लागत नाही, ते याच रुग्णालयामुळे. तिथे स्वादुपिंडाचा स्वतंत्र विभाग वाढत गेला आणि बाल्टिमोरचा धडा भारतात ज्या मोजक्या ठिकाणी गिरवला गेला त्यांत त्याची गणना होते. डॉ. शैलेश श्रीखंडे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे.

त्याच आडनावाचे एक ज्येष्ठ सर्जन, दादरचे डॉ. वि. ना. श्रीखंडे, पित्तमार्ग आणि स्वादुपिंड यांच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या मराठी आत्मचरित्राचे नाव '...आणि दोन हात'. मराठीत सर्जनने लिहिलेली पुस्तके फार नाहीत, आणि या पुस्तकाचे शीर्षक आजच्या विषयाला इतके लागू आहे की ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कारण १९९० नंतर प्रश्न हाच झाला की हात पोटात जायला हवेत की नकोत?

३१ मे १९९० रोजी जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातले ते पहिले. दुर्बिणीतून पोट पाहण्याचे काम ते १९७२ पासून करत होते, तेही सरकारी रुग्णालयात, गरीब रुग्णांवर. सुरुवातीला या पद्धतीला श्रीमंतांचे खूळ म्हणून हिणवले गेले. उडवाडिया उलट म्हणत की लवकर कामावर परतण्याची गरज रोजंदारीवाल्याला सर्वांत जास्त. हे त्यांचे म्हणणे मला या सगळ्या इतिहासातले फार महत्त्वाचे वाटते. भेस्तान-पांडेसराच्या लूमवर पाळी करणाऱ्या माणसाला महिनाभराचा खाडा म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगायला नको. तापी लाईनने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून आलेली किती घरे या खाड्याच्या भीतीवर दुखणी अंगावर काढतात!

पित्ताशय ही पिशवी आहे, कापून बाहेर काढली की काम संपते. स्वादुपिंडाचे तसे नाही, तिथे परत शिवायचे असते. दुर्बिणीची हत्यारे लांब, सरळ, मनगट नसलेली. हात डावीकडे नेला तर टोक उजवीकडे जाते, कारण मधे पोटाची भिंत टेकू होते. चित्र सपाट पडद्यावर, खोली कळत नाही. दोन लांब काड्यांनी, आरशात पाहून, लोण्याला सुईदोरा घालायचा अशी कल्पना करा. कॅनडात मिशेल गान्ये यांनी १९९२ साली हे करून दाखवले. पण १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच दहा रुग्णांचा हिशेब देऊन लिहिले की यात काही फायदा दिसत नाही. दहातल्या चौघांचे पोट शेवटी उघडावेच लागले होते.

त्यानंतर वर्षभरातच, १९९८ मध्ये, कोइम्बतूरला डॉ. सी. पलनिवेलू यांनी दुर्बिणीतून व्हिपल केले आणि सोडून दिले नाही. गरीब शेतमजूर घरातून आलेला हा माणूस. त्यांच्या चमूने वर्षानुवर्षे नोंद ठेवली आणि २०१७ साली या विषयावरची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना छापली : ६४ रुग्ण, निम्म्यांचे पोट उघडून, निम्म्यांचे दुर्बिणीतून. रुग्णालयातला मुक्काम १३ दिवसांवरून ७ वर आला. जगातली अशा प्रकारची ही पहिल्या काही चाचण्यांपैकी एक, आणि ती कोइम्बतूरची.

इथवर ऐकून वाटेल की वाट सापडली. मग हॉलंडमध्ये जे घडले ते ऐका. तिथल्या चार मोठ्या रुग्णालयांनी हाच प्रयोग केला. भाग घेणाऱ्या सर्जनांनी आधी प्रशिक्षण घेतले होते, प्रत्येकाने किमान वीस ऑपरेशने केली होती. कोणी नवशिका नव्हता. ९९ रुग्ण झाले तेव्हा देखरेख समितीने प्रयोग मध्येच थांबवला. दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ जण गुंतागुंत होऊन गेले होते, उघड्या शस्त्रक्रियेत ४९ पैकी १. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का म्हणता येत नव्हता, योगायोगही असू शकला असता. तरी त्यांनी थांबवला आणि २०१९ मध्ये सगळे आकडे नावानिशी छापले. आपल्याकडे किती रुग्णालयांनी आपले असे पाच मृत्यू छापले असते? मला हा प्रश्न पडतो, आणि उत्तर सुखावह नाही.

शेपटीच्या बाजूची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथली गाठ काढताना आतड्याला जोड घालायचा नसतो. त्याच डच मंडळींनी दाखवले की तिथे दुर्बिणीने रुग्ण सहाऐवजी चार दिवसांत सावरतो. म्हणून 'स्वादुपिंडाचे ऑपरेशन दुर्बिणीने' हे वाक्य अर्धवट आहे. डोके की शेपटी, हे आधी विचारले पाहिजे.

आता यंत्र. त्याची मुळे युद्धात आहेत. अमेरिकी लष्कराला असे हवे होते की जखमी सैनिक रणांगणावर आणि सर्जन दूर सुरक्षित जागी असावा. त्या संशोधनातून निघालेल्या कल्पना एका कंपनीने विकसित केल्या आणि २००० साली 'द व्हिन्ची' या यंत्राला अमेरिकेत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली. ७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून, दुसऱ्या एका यंत्राच्या साहाय्याने, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला झोपलेल्या बाईचे पित्ताशय काढले. त्यानंतर चार दिवसांनी न्यूयॉर्कला जे घडले त्यात ही बातमी वाहून गेली. आपल्या गुजरातेतही ५ डिसेंबर २०१८ रोजी डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाममध्ये बसून ३२ किलोमीटरवरच्या अहमदाबादेतील रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत यंत्राने स्टेंट बसवला. पण हे अंतराचे चमत्कार वर्तमानपत्रासाठी जास्त आणि रुग्णासाठी कमी आहेत. रोजच्या व्यवहारात सर्जन त्याच खोलीत, रुग्णापासून चार-पाच पावलांवर बसलेला असतो.

तो काय करतो? डोळे एका खोक्यात घालून बसतो. तिथे पोटाच्या आतले चित्र मोठे आणि खोलीसकट दिसते. दोन्ही हातांची बोटे कड्यांत असतात. त्याने मनगट वळवले की पोटातल्या आठ मिलिमीटर जाडीच्या हत्याराचे इवलेसे मनगट तसेच वळते. डावीकडे म्हणजे डावीकडेच. हाताची थरथर यंत्र गाळून टाकते, मोठी हालचाल लहान करून पोचवते. पायाखाली पॅडल असतात. रुग्णाशेजारी दुसरा सर्जन उभा असतो. तो हत्यारे बदलतो, सुई आत देतो, आणि रक्त आले तर पहिला हात त्याचाच असतो. म्हणजे दुर्बिणीने जे मनगट काढून घेतले होते ते यंत्राने परत दिले. एक गोष्ट मात्र दिली नाही : स्पर्श. ओढ किती बसते आहे हे बोटांना कळत नाही, ते डोळ्यांनी ओळखायला शिकावे लागते. धागा ताणला की तुटायच्या आधी कसा दिसतो, हे लूमवरचा कारीगर जसा नजरेने ओळखतो तसेच. २०२४ साली आलेल्या नव्या यंत्रात ओढ बोटांपर्यंत पोचवण्याची थोडी सोय झाली आहे.

यंत्राने पहिले व्हिपल २००१ साली केले ते पिएर क्रिस्तोफोरो जुलियानोत्ती यांनी, इटलीतल्या ग्रोसेतो या लहान गावाच्या रुग्णालयात. मोठ्या विद्यापीठाच्या नव्हे. पण खरा अभ्यास अमेरिकेतल्या पिट्सबर्गला झाला. तिथल्या मंडळींनी यंत्राने केलेली आपली पहिली २०० व्हिपल ऑपरेशने ओळीने तपासली आणि २०१५ मध्ये सांगितले की रक्तस्राव आणि पोट उघडण्याची वेळ येणे हे वीस ऑपरेशनांनंतर कमी झाले, स्वादुपिंडाच्या जोडाची गळती चाळिसानंतर आणि लागणारा वेळ ऐंशीनंतर. हे सर्जन उघड्या शस्त्रक्रियेत आधीच तरबेज होते, तरी ही स्थिती. तेव्हा पहिल्या वीस-चाळीस रुग्णांचे काय, हा प्रश्न कोणत्याही रुग्णालयाला टाळता येत नाही. हॉलंडने तो टाळला नाही. २०१९ नंतर तिथे डोक्याच्या शस्त्रक्रियेसाठी दुर्बीण बाजूला ठेवली गेली आणि यंत्रासाठी देशव्यापी प्रशिक्षण आखले गेले : आधी संगणकावर सराव, मग कृत्रिम आतड्यावर टाके, त्याची चित्रफीत दुसऱ्याने तपासून गुण द्यायचे आणि नंतर अनुभवी सर्जन शेजारी उभा असताना रुग्ण.

आकडे अजून एका बाजूला झुकलेले नाहीत. २०२४ साली चीनमधल्या सुमारे १६० रुग्णांच्या तुलनेत यंत्राच्या गटाचा मुक्काम ११ दिवस आणि उघड्या शस्त्रक्रियेचा साडेतेरा आला. त्याच वर्षी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या तुलनेत गुंतागुंत कमी झाली नाही आणि खर्च मात्र वाढला. माझे वाचन असे सांगते की ज्याने शेकड्यांनी केली आहेत त्याच्या हातात यंत्र रुग्णाला थोडे लवकर उभे करते. कर्करोगातून वाचण्याची शक्यता ते वाढवते, असे कोणी दाखवलेले नाही. या कर्करोगाचे निदान होते तेव्हा पाचातल्या एखाद्याचीच गाठ काढण्याजोगी असते. बाकीच्या चौघांना हात आणि यंत्र दोन्ही सारखेच निरुपयोगी.

खर्चाविषयी. यंत्राची किंमत कोटींत, दर वर्षाची देखभाल वेगळी, आणि हत्यारांत मोजणी बसवलेली असते. ठरलेल्या वेळा वापरली की चांगली असली तरी यंत्र ती घेत नाही. हा भार शेवटी बिलात येतो. २०२२ साली दिल्लीच्या राजीव गांधी कर्करोग संस्थेत भारतीय बनावटीचे 'मंत्र' हे यंत्र बसले. हृदयशल्यविशारद डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या गुरुग्रामच्या कंपनीचे. त्यामुळे किंमत खाली येईल अशी आशा करायला जागा आहे. गुजरातेत 'मा कार्ड' आणि आयुष्मान एकत्र होऊन २०२३ पासून कुटुंबाला वर्षाला दहा लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण जाहिरात वाचून घरातला मुलगा म्हणतो, 'रोबोनेच करायचे', आणि गावाकडची दोन बिघे विकायला निघतात. त्या 'ने' प्रत्ययाची किंमत ती हीच.

त्या मुलाने मुख्य सर्जनला विचारावे : इथे वर्षाला किती व्हिपल होतात? मागच्या पन्नासांत किती जण तीन महिन्यांत गेले? तुम्ही स्वतः यंत्राने किती केली? रात्री रक्तस्राव झाला तर तो बंद करणारा माणूस इथेच आहे की बोलवावा लागतो? खरा सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. ज्यांच्याकडे आकडे असतात ते सांगायला उत्सुक असतात. आकडे चांगले आणि यंत्र नाही, अशा जागी उघडे पोट करून घेणे हे यंत्र आहे आणि आकडे नाहीत अशा जागेपेक्षा केव्हाही बरे.

शेवटी एक गोष्ट, जी या सगळ्या इतिहासाच्या आधी येते आणि आपल्याच वस्त्यांत घडते. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ बहुधा काविळीच्या रूपाने दिसते. ताप नाही, पोटात कळ नाही, नुसते डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, शौचास पांढुरके आणि अंगाला खाज. आपल्याकडे कावीळ म्हटले की पहिली फेरी मुळी बांधणाऱ्याकडे किंवा गळ्यात माळ घालणाऱ्याकडे. साथीची कावीळ आपोआप उतरते, म्हणून माळेचे नाव होते. गाठीची कावीळ उतरत नाही, वाढत जाते, आणि माळ लांबत जाताना गाठ त्या मागच्या शिरेला जाऊन चिकटते. मग व्हिपल नाही, रेशीम नाही, यंत्र नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला, विशेषतः नुकताच मधुमेह लागलेल्या आणि वजन उतरत चाललेल्या माणसाला अशी न दुखणारी कावीळ झाली तर आठवड्याच्या आत सोनोग्राफी झाली पाहिजे. नव्या सिव्हिलमध्ये किंवा महापालिकेच्या स्मीमेरमध्ये ती होते.

आणि मुंबईला जायचे ठरले तर एवढे लक्षात ठेवा. इथे घाईने पित्तनलिकेत नळी टाकून घेण्याआधी, ताप किंवा पू नसेल तर, स्वादुपिंडाचा नीट सीटी स्कॅन काढून घ्या. नळी टाकल्यावर येणाऱ्या सुजेमुळे गाठ आणि शीर यांच्यातली रेषा चित्रात पुसट होते, आणि सर्जनला नेमकी तीच पाहायची असते. फ्लाइंग रानी सुरतेहून पहाटे सुटते. बरोबर कागदी अहवालाइतकीच स्कॅनची सीडी घ्या, 'के' जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली असतील तर त्यांच्या तारखा लिहून घ्या, आणि मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करून ठेवा.